डोकं खाली, काका!

फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना डोकं उचलायचं नसतं, नुसतं बाजूला वळवायचं असतं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. हे मला तोंडपाठ आहे. काठावर बसून मी ते कुणालाही समजावतो, न विचारता समजावतो. पाण्यात पडलो की मात्र दोन-तीन हात मारेपर्यंत मान ताठ वर.

"डोकं खाली, काका!" सर ओरडतात. सर माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, पण शिट्टी त्यांच्या गळ्यात आहे.

डोकं वर गेलं की पाय खाली जातात. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पायांना तशी सोय नाही. पाय बुडाले की अंग तिरकं होतं, पाणी अडवतं, दम लागतो. दम लागला की हवा हवी, म्हणून डोकं आणखी वर. पुन्हा शिट्टी.

एवढं कळूनही चूक सुटत का नाही? माझ्या मते, ती चूक दर वेळी यशस्वी होते म्हणून. डोकं वर काढलं की हवा मिळते, ताबडतोब! सरांची शाबासकी मिळालीच तर पलीकडच्या काठाला. शरीर रोखीवर विश्वास ठेवतं.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले: आधी विचार करत करायचं, मग सुधारत जायचं, शेवटी ते आपोआप होऊ लागतं. पण आपोआप काय होणार, हे गिरवलं काय त्यावर ठरतं. माझी मान केव्हाच तिसऱ्या टप्प्यात पोचली आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हेवा वाटावा इतक्या सफाईने वर येते.

लक्ष मानेवर ठेवण्यापेक्षा बाहेर कुठेतरी ठेवलं तर हालचाल सुधारते म्हणे. सरांनी हे कुठे वाचलेलं नसावं, तरी ते म्हणाले, "मानेचं सोडा काका, तळाची काळी पट्टी बघत चला." बघितली. एक निखळलेली फरशी दिसली, कुणाची तरी केसांची क्लिप दिसली. श्वास घ्यायचा तेवढा राहिला.

शेजारच्या लेनमध्ये एक आजोबा येतात. पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलेले. डोकं पहिल्यापासून पाण्याबाहेर. ते सगळ्यांशी गप्पा मारत या टोकाचे त्या टोकाला जातात. परवा मला मागे टाकताना म्हणाले, "क्लास लावलाय वाटतं?"