मागच्याला दिसतो तो धूर

गाडीला धूर यायला लागला हे गाडीवाल्याला सगळ्यात शेवटी कळतं, कारण आपण बघतोय पुढं आणि धूर निघतोय मागं. मला ही बातमी आमच्या बेळगावात, टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला कळली. गेट पडलेलं, मी निवांत, तेवढ्यात मागच्या स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केलं, "ओ काका, गाडी धूर सोडूलाल्या की तुमची!"

उतरून मागं जाईपर्यंत चारजण सायलेन्सरपाशी जमलेले, एकजण तर उकिडवा बसून हुंगत होता. तो म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरावं लागणार. दुसरा म्हणाला छे, हेड गॅस्केट. तिसऱ्याला एअर फिल्टरचा संशय. भाजीच्या टेम्पोतला ड्रायव्हर नुसता वाकून बघून "एनू इल्लरी" म्हणाला, त्यावर शेजारच्यानं मला समजावलं, "कायबी नाही म्हणूलालाय." मला तोच डॉक्टर आवडला. मग रेल्वे गेली, गेट उघडलं आणि सगळे तज्ज्ञ हॉर्न वाजवत निघून गेले, मी आणि माझा आजार मागं उरलो.

घरी येऊन रात्री बारापर्यंत मोबाईलवर वाचलं. तसं सोपं आहे म्हणजे. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, फिल्टर चोंदलाय नाहीतर इंजेक्टर गळतोय, थोडक्यात सुटलात. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा, दाट, हवेत रेंगाळणारा आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जळतंय, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) बघा, ऑइलचं झाकण उघडून खाली दुधाळ साय धरलीय का तेही बघा. (मी उघडलं. नव्हती. झाकण परत बसवताना मात्र खाली पडलं आणि ते शोधण्यात अर्धा तास गेला.) सगळं पाठ झालं, पण रंग कुठला हे ठरवायचं कुणी? मला तो सकाळी निळा दिसला, दुपारी उन्हात पांढरा, आणि रात्री शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली चक्क हिरवा. हिरव्याचं कुठंच काही लिहिलेलं नाही.

शेवटी बायकोला बोलावलं. ती वडगावची, माहेरी हातमाग, शहापुरी साड्यांच्या सुतात खेळत मोठी झालेली, आपण ज्याला निळा म्हणतो त्यात तिला सात-आठ निळे दिसतात. सकाळी मी गाडी चालू केली आणि ती पदर नाकाला लावून मागं उभी राहिली. "निळाच आहे. राखेत निळीचा थेंब पडल्यासारखा. आणि बघा, गेला पण."

उद्यमबागेकडच्या गॅरेजमध्ये हे सांगितलं तर गॅरेजवाला म्हणाला, "रंग सगळेच सांगतात ओ काका, कधी येतोय ते सांगा की." म्हणजे असं, की रिंगा झिजल्या असतील तर अ‍ॅक्सिलेटर दाबला की धूर, चढाला धूर, थांबायचं नाव नाही. पण वॉल्वच्या सीलचं रबर कडक झालं असेल तर ऑइल रात्रभर थेंबथेंब खाली झिरपतं, सकाळी चालू केल्यावर एक लोट येतो आणि मग गाडी एकदम सोज्वळ. शिवाय लांब उतार गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलेटर सोडून उतरलं की इंजिन सीलमधनं ऑइल ओढतं, आणि खाली पाय दिला की भक्कन निळा.

लांब उतार म्हणजे आमचा चोर्ला घाट. रविवारी निघालो, मेहुणा बाईकवर मागं, त्याला एकच काम, धूर बघायचा. घाट उतरलो, अ‍ॅक्सिलेटर दाबला, थांबून विचारलं तर म्हणाला, "भावजी, सगळंच निळं दिसूलालंय." हेल्मेटची काच निळी. पण बायको खिडकीतनं अर्धी बाहेर होती, तिनं बघितलेलं. "तोच. सकाळचाच."

गॅरेजवाल्यानं खात्रीला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं, चारी सिलिंडर ठीक, म्हणजे रिंगा शाबूत. सील बदलले, इंजिन उतरलं नाही. जाता जाता एमिशनपण (धुराची तपासणी) करून घेतलं. आमच्याकडं एमिशनच म्हणतात, निपाणी ओलांडून महाराष्ट्रात, कागलात गेलं की त्याचंच पीयूसी होतं, धूर मात्र दोन्हीकडं तोच.

महिनाभर सुखात गेला. मग डिसेंबर आला. आमच्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही, एक दिवस सकाळी सहाला गाडी चालू केली आणि सायलेन्सरमधनं पांढरे ढग! मी तिथंच मटकन बसलो, हेड गॅस्केट, हजारो रुपये, सगळं डोळ्यापुढं. गॅरेजवाल्याला झोपेतनं उठवलं. पांढरा आहे ओ, दाट आहे, वास गोड येतोय (आत बायको शिरा भाजत होती हे नंतर कळलं). तो सांगत राहिला की लिटरभर पेट्रोल जळलं तर जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, थंडीत त्याची वाफ दिसणारच, गरम झाल्यावर जाईल. मला काही पटेना. मी म्हणालो पण कडेला जरा निळसर वाटतंय.

पलीकडं दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "काका, फोन काकूंच्याकडं द्या की."