पाचशे मीटरच्या वर्तुळात कोण कोण असतं?

सणासुदीच्या तोंडावर दुकानदारांना कुणीतरी लॅपटॉपवर एक नकाशा दाखवून जातं. मध्ये दुकान, भोवती निळं वर्तुळ. "या वर्तुळात जो येईल, त्याच्या मोबाइलवर लगेच तुमची ऑफर." ऐकायला झकास वाटतं. पण वर्तुळात आला तो गिऱ्हाईक, असं त्यात परस्पर धरून चाललेलं असतं आणि पैसे तिथेच बुडतात.

दादर पश्चिमेला रानडे रोडवर एक साडीचं दुकान आहे असं समजा. दुकान कल्पनेतलं, रस्ता खरा. त्याच्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ मारलं तर आत कोण येतं? स्टेशनच्या फलाटांवर गाडीची वाट बघणारे. न उतरता पुढे जाणाऱ्या लोकलमधले. फुलबाजारातले विक्रेते, जे रोज तिथेच असतात. शिवाजी मंदिरात फोन बंद करून नाटक बघत बसलेले. गल्लीतच राहणारी माणसं, ज्यांना हे दुकान वीस वर्षं पाठ आहे. आणि रुळांच्या पलीकडे दादर पूर्वेला उभे असलेले, ज्यांच्यासाठी हे ५०० मीटर म्हणजे जिना चढा, गर्दीतून पूल ओलांडा, जिना उतरा. वर्तुळ पक्ष्याच्या वाटेने मोजतं, माणसाला पुलावरून यावं लागतं. पुण्यातही तेच. नदीकाठच्या नारायण पेठेतल्या दुकानाचं वर्तुळ सरळ डेक्कनवर जातं. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, तरी वर्तुळ जिथल्या तिथे असतं.

म्हणून वर्तुळ आधी कागदावर काढावं आणि चालत तपासावं. दुकानापासून पाच मिनिटांत जिथवर पोचता येतं तो आपला परिसर. तो गोल कधीच नसतो. रूळ, नदी, उड्डाणपूल आणि ओलांडता न येणारे रस्ते त्याचे लचके तोडतात. हे संदेश गिऱ्हाइकाच्या फोनमधल्या दुकानाच्या ॲपमधून जातात. त्या ॲपमध्ये वाकडातिकडा आकार देता येत नसेल, तर एका मोठ्या वर्तुळाऐवजी आपल्याच बाजूला दोन-तीन लहान वर्तुळं ठेवा.

आता लोकलमधल्या माणसाचं काय? ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आरपार जायला बरोबर एक मिनिट. गाडी दादरला थांबली तरी त्यात अर्ध्या मिनिटाचीच भर. अशा माणसाला 'या, आत या' म्हणणं म्हणजे धावत्या गाडीला हात दाखवणं. यावर उपाय आहे. वर्तुळात शिरल्या शिरल्या संदेश पाठवायचा नाही, माणूस ठरावीक वेळ आत रेंगाळला तरच पाठवायचा. अँड्रॉइडमध्ये ही सोय तयारच आहे. बाजारपेठेसाठी पाच मिनिटं ठीक. एवढ्यानेच प्रवासी बरेचसे गाळले जातात. फलाटावर खोळंबलेले मात्र उरतात, त्यांना गाळायचं तर स्टेशन वर्तुळाबाहेरच ठेवायला हवं.

उलट चूकही तितकीच होते: वर्तुळ फार लहान. "दुकानासमोरून जाणाऱ्यालाच पाठवा, ५० मीटर ठेवा" हा हट्ट नेहमीचा. फोन काही सतत उपग्रहाकडे डोळे लावून बसत नाही, बॅटरी संपेल. ॲप उघडं नसून मागे नुसतं चालू असताना अँड्रॉइडला माणूस वर्तुळात शिरल्याचं कळायला सरासरी दोन-तीन मिनिटं लागतात, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत. चालणारा माणूस तीन मिनिटांत सव्वादोनशे मीटर पुढे जातो. म्हणजे संदेश वाजेल तेव्हा तो तुमचं दुकान ओलांडून भाजी घेत असेल. त्यात अनेक फोन बॅटरी वाचवायला मागची ॲप स्वतःच मारून टाकतात, तिथे संदेश येतच नाही. अँड्रॉइडची स्वतःचीच शिफारस आहे की त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर असावी. दाट बाजारात २०० ते ३०० मीटर हा माझ्या मते व्यवहारी आकडा. संख्येचीही मर्यादा आहे: एका ॲपला अँड्रॉइडवर एका वेळी १०० वर्तुळं, आयफोनवर फक्त २०. साठ शाखांच्या साखळीला आयफोनवर जवळच्या वीस शाखा सतत बदलत ठेवाव्या लागतात. हे काम कुणी केलंय का, एवढा एकच प्रश्न ही सेवा विकायला आलेल्याला विचारून बघा. उत्तरावरून माणूस कळतो.

दुकानाच्या आतलं, म्हणजे नेमकं कुठल्या कपाटापाशी गिऱ्हाईक उभं आहे हे ओळखायला ब्लूटूथची छोटी यंत्रं आली होती, बीकन. ॲपलने ६ डिसेंबर २०१३ ला अमेरिकेतल्या आपल्या २५४ दुकानांत ती सुरू केली आणि सगळीकडे गाजावाजा झाला. बरोबर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर २०१८ ला, गुगलने अँड्रॉइडवर बीकनचे संदेश ॲपशिवाय दाखवणारी सेवा बंद केली. कारण साधं होतं: लोकांना कचरा येत होता. तांत्रिक अडचण वेगळीच. ब्लूटूथच्या लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं, कारण आपण बहुतांशी पाणीच आहोत. रिकाम्या दुकानात अंतर नीट दाखवणारं यंत्र गर्दीत त्याच जागेला बरंच जास्त अंतर दाखवू शकतं. म्हणजे गर्दीच्या दिवशी, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच ते चुकतं. शिवाय ब्लूटूथ चालू हवं, ॲप हवं, ठिकाण कळू देण्याची परवानगी हवी. तीन दारं उघडी असलेलं गिऱ्हाईक किती?

परवानगीची गोष्ट तर गेल्या काही वर्षांत पार बदलली. आयफोनवर २०१९ पासून 'फक्त या वेळी' हा पर्याय आहे आणि २०२० पासून नेमकं ठिकाण न देता अंदाजे परिसर देता येतो. अँड्रॉइडने हेच २०२० आणि २०२१ मध्ये आणलं, आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला साधी सूचना दाखवायलाही आधी विचारावं लागतं. गिऱ्हाइकाने 'अंदाजे' निवडलं की तुमचं २०० मीटरचं वर्तुळ संपलं, कारण तो परिसर काही चौरस किलोमीटरचा असतो. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती स्पष्ट आणि ठरावीक कामापुरतीच हवी असं लिहून ठेवलंय. बिल करताना घेतलेल्या नंबरावर वाट्टेल ते पाठवायचे दिवस सरत आले.

परवानगी मिळवायची असेल तर ॲप उघडल्या उघडल्या मागू नये. ज्या क्षणी तिचा उपयोग दिसतो तेव्हा मागावी: 'जवळची शाखा शोधा' दाबल्यावर, किंवा 'साडी तयार झाली की, इकडे आल्यावर कळवू का?' असं विचारताना. फॉल-पिकोला टाकलेली साडी तयार झाली आणि गिऱ्हाईक दादरला उतरल्यावर त्याला तेवढंच कळवलं, तर त्याला ते जाहिरात वाटत नाही. माझ्या मते ठिकाणावर आधारलेल्या संदेशांचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे आणि तोच सर्वांत कमी विकला जातो.

लोक खरंच कसे वागतात यावर थोडाच, पण विश्वासार्ह अभ्यास झालेला आहे. चीनमधल्या एका शहराच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांना मोबाइलवर ऑफर पाठवून पाहिल्या; निष्कर्ष २०१६ मध्ये छापले गेले. डब्यात चौरस मीटरला दोनपेक्षा कमी माणसं असताना २.१ टक्के लोकांनी खरेदी केली, पाचच्या आसपास असताना ४.३ टक्के. गर्दीत माणूस अंग चोरून फोनमध्ये डोकं घालतो, म्हणून. हे वाचून 'चला, आपल्याकडे तर गर्दीच गर्दी' म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. मुंबईच्या लोकलमधल्या शिगेच्या गर्दीला चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं असा हिशेब सांगतात. तिथे खिशातला फोन काढायला कोपर हलत नाही. संध्याकाळी उशिरा, बसायला नाही पण उभं राहायला नीट मिळतं, तो काळ त्या पाचच्या जवळचा.

दुसरा निष्कर्ष २०१५ चा, तो जास्त उपयोगी: आपल्याच दुकानाजवळच्या माणसाला सवलत वाढवत नेली तर फायदा घटत जातो, स्पर्धकाच्या दुकानाजवळच्या माणसाला मात्र मोठी सवलतच हलवते. बर्गर किंगने डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत हेच केलं. मॅकडोनाल्ड्सच्या ६०० फुटांच्या आत जाऊन ॲप उघडलं तर त्यांचा व्हॉपर बर्गर एका सेंटला. गंमत चालली, कारण गिऱ्हाईक त्या खोडीत स्वतः सामील होत होतं. आपल्याकडे शेजारच्या दुकानावर असा डाव टाकायचा तर जपून. बाजारात उद्या सकाळी त्याच माणसाच्या शेजारी शटर उघडायचंय.

आपल्याजवळच्याला दिलेली सवलत बहुतेकदा जो येणारच होता त्याच्या खिशात जाते. हिशेब मांडून बघा. धरून चाला, परवानगी दिलेले २,००० जण आहेत. त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. १,००० जणांना १५० रुपये सवलतीचा संदेश गेला, १,००० जणांना काहीच नाही. पहिल्या गटातून ३४ जण आले, दुसऱ्यातून २६. जाहिरातवाला ३४ चा आकडा दाखवून बिल देईल. पण संदेशामुळे आले ते आठच. सवलत ३४ जणांना दिली, म्हणजे ५,१०० रुपये. आठ जणांवर प्रत्येकी ५०० नफा धरला तर ४,०००. पदरचे अकराशे गेले, पाठवण्याचा खर्च वेगळा. तो न पाठवलेला गट नसेल तर हे कधीच दिसणार नाही, म्हणून कुठलाही जाहिरातवाला तो आपण होऊन सुचवत नाही. यादी लहान असेल तर एका मोहिमेवरून निष्कर्ष काढू नका, चार मोहिमांचे आकडे एकत्र बघा.

सवलतीचा आणखी एक परिणाम गल्ल्यावर ऐकू येतो: "अहो, मेसेज आला नाही म्हणून काय झालं, तेवढं कमी करा की." एकदा ही सवय लागली की पूर्ण भावात विकणं जड जातं. त्यापेक्षा सेवा द्यावी. फॉल-पिको मोफत, बदलून घ्यायची मुदत जास्त, स्टेशनपर्यंत पिशवी पोचवणं.

शब्दांतही फरक पडतो. 'तुम्ही आत्ता आमच्या दुकानाजवळ आहात!' हे वाचून पहिला विचार येतो तो 'यांना कसं कळलं?' आणि पुढच्या क्षणी बोट सूचना बंद करायला जातं. ठिकाण माहीत असूनही ते बोलून दाखवू नये. 'रानडे रोड: आज रात्री ९ पर्यंत साडीला फॉल-पिको मोफत.' यात पाळत नाही, नुसती बातमी आहे. महिन्यात दोन संदेश पुरेत, आणि एकदा पाठवल्यावर त्याच माणसाला निदान आठवडाभर गप्प.

हाच मजकूर एसएमएसने पाठवायचा तर अक्षरं मोजा. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं: 'दिवाळी' सहा अक्षरांची. वरचा मजकूर ५१ भरतो, उरलेल्या १९ मध्ये दुकानाचं नाव बसवायचं. सत्तरच्या पुढे गेलात की प्रत्येक भाग ६७ चा होतो आणि पैसे भागांप्रमाणे लागतात. मजकुराचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवताना त्यात एक स्वल्पविराम बदलला तरी संदेश अडू शकतो. दुवा टाकायचा तर तोही नोंदवलेला हवा, ऑक्टोबर २०२४ पासून. वेळ सकाळी १० ते रात्री ९.

फेसबुक-इन्स्टावर जाहिरात देणाऱ्यांनी वर्तुळाबद्दल फार आशा ठेवू नये. तिथे त्रिज्या १ किलोमीटरच्या खाली जात नाही. रानडे रोडवर खूण ठेवली तर वर्तुळाचा एक तुकडा समुद्रात पडतो. शिवाय तिथे राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले, दोघे एकत्रच धरले जातात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो लोक येतात. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस जाहिरात चालू ठेवलीत, तर दर्शन घेऊन कधीच गावी परतलेल्या माणसांना तुम्ही पैसे खर्चून पैठण्या दाखवत बसाल. त्या दिवशी तर ती शोभतही नाही. मोहिमेच्या कॅलेंडरमध्ये तो आठवडा आधीच खोडून ठेवा. गुगलच्या जाहिरातीत मूळ निवड 'तिथे असलेले किंवा त्या जागेत रस असलेले' अशी असते, म्हणजे नागपुरात बसून 'दादर साडी' शोधणारीही त्यात येते. ती बदलून 'तिथे असलेले' करा. ही निवड आतल्या पानावर दडलेली असते आणि बहुतेक जण तिथवर जातच नाहीत.

आणि हे सगळं करायच्या आधी फुकटातलं एक काम. स्टेशनच्या पुलावर उभं राहून दुसऱ्याच कुणाच्या फोनवर गुगल मॅप्समध्ये 'फॉल पिको' शोधा. आपलं दुकान दिसतं का, वेळ बरोबर आहे का, सुट्टीचा वार टाकलाय का ते बघा. मग 'दिशा' दाबून तो रस्ता सांगेल तसं चालत जा. खूण मागच्या गल्लीत पडलेली असेल तर बंद शटरपाशी पोचाल. तिथून आत येऊन ती आधी सरकवा.