‘स्वाभिमान उंबऱ्याबाहेर ठेवा’ म्हणे!

लग्नसराई आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: संसार टिकवायचा तर स्वाभिमान उंबऱ्याबाहेर ठेवा, राग आला तर गिळा. पूर्वीच्या बायका सहन करायच्या म्हणून घटस्फोट नव्हते. सहन करणारीच शेवटी जिंकते. खाली जोडलेले हात.

आधी इतिहास. घटस्फोट नव्हते कुठे? अनेक जातींत काडीमोड होत होती, पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत होते. बाकीच्यांना कायद्याची वाटच नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी ती १९४७ साली उघडली, देशभर १९५५ साली. दार बंद असताना कोणी बाहेर पडलं नाही, हा घराच्या सुखाचा पुरावा होत नाही. आणि सगळ्या सोसत होत्या असंही नाही. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, असा निकाल १८८७ साली लागला तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

स्वाभिमानाबद्दल तर मेसेज अगदी उलटं सांगतो. मानसशास्त्रज्ञ सँड्रा मरे आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांवर बरंच काम केलंय. ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नाही, ते जोडीदाराचं आपल्यावरचं प्रेम असतं त्याहून कमी धरतात, असं त्यांना दिसलं. नवरा कामावरून वैतागून आला, तरी अशा बायकोला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. बायकोने ‘आमटीत मीठ कमी पडलं’ म्हटलं, की अशा नवऱ्याला ऐकू येतं, ‘तुला काही जमत नाही.’ मग आणखी लागू नये म्हणून माणूस आधीच अंग काढून घेतो किंवा टोचून बोलतो, आणि समोरचा खरोखरच दुरावतो. संसार पोखरला जातो तो असा. स्वतःची किंमत ठाऊक असलेल्याला मिठावरून रामायण करावं लागत नाही.

आता राग गिळणं. २००३ सालच्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्यांना त्रासदायक फिल्म दाखवून बोलायला बसवलं. जिथे एकीला भावना चेहऱ्यावर दाखवू नका असं सांगितलं होतं, तिथे समोरचीचाही रक्तदाब चढला. म्हणजे गिळलेला राग घरातच राहतो. मग भांडी आपटायची का? तेही नको, आदळआपट करून राग निवत नाही, उलट भडकतो, हे मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली दाखवलंय.

जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचा सल्ला मला जास्त व्यवहारी वाटतो: छातीत धडधडायला लागलं की भांडण थांबवा, निदान वीस मिनिटं, पण परत येऊन बोला. न सांगता तोंड फिरवून बसणं वेगळं. ते त्यांनी घातक सवयींत धरलंय. आणि गंमत म्हणजे असे भिंत होऊन बसणारे त्यांना मुख्यतः नवरेच आढळले. मेसेजमध्ये मात्र ‘सहन करणारी’!

‘जिंकते’ यावर काय बोलणार? मारहाण होत असेल तिथे राग आवरायच्या युक्त्या बाईला शिकवू नयेत. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. फॉरवर्ड करायचंच तर तो करा.