‘सोसवेल तितकं गरम’ हे ठरवणार कोण?

सध्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. साठीपुढच्यांनी, विशेषतः शुगर असलेल्यांनी, रोज रात्री सोसवेल तितक्या गरम पाण्यात खडेमीठ टाकून अर्धा तास पाय बुडवावेत, सकाळी गवतावर अनवाणी चालावं, घट्टे आणि कुरूप घरीच ब्लेडनं काढावं. मुंग्या थांबतात, आणि पाय दुखेनासे झाले की गुण आला समजा. पाठवणारे मायेनंच पाठवतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला अशा पायांना घातक आहे.

आधी ‘सोसवेल तितकं’ घ्या. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात, सगळ्यांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. अशा पायाला चटका देणारं पाणीही कोमट वाटतं. माझी आत्या वैशाखात भर दुपारी देवळात गेली आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून आली. तिला काहीच जाणवलं नाही. रात्री सुनेला चादरीवर ओला डाग दिसला. तळवा उलटा करून पाहिला, तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला. ती जखम भरायला चार महिने लागले. जो पाय फरशी ओळखत नाही, तो बादलीतलं पाणी कसं ओळखणार?

आणि पाणी गार असलं, तरी अर्धा तास भिजवणं चुकीचंच. खराब नसांमुळे पायाला घाम कमी येतो, कातडी आधीच कोरडी असते. भिजवून ती आणखी सुकते, टाचांना भेगा पडतात आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहून चिखल्या होतात. पाय रोज धुवा, पण पाणी 37 अंशांच्या आत हवं. बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतो तसं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावं. मग बेचक्या टिपून कोरड्या करा. भेगांना कोकमतेल किंवा साधं व्हॅसलिन चालेल, बोटांच्या मध्ये मात्र नको.

मुंग्या मिठानं जात नाहीत. त्या बी-12 जीवनसत्त्व कमी झाल्यानंही येतात, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. ते रक्त तपासूनच कळतं.

अनवाणी चालण्याबद्दल: गवतात काटा असतो, काच असते, आणि टोचलेलं कळत नाही. चपलेतला खडाही दिवसभर कळत नाही, म्हणून पाय घालण्याआधी चप्पल झटकायची. एमसीआर (बारीक छिद्रांच्या, मऊ) रबराची चप्पल, मागे पट्टा असलेली, घरातसुद्धा घाला. देवळात सुती मोजे घालता येतात, देव रागावत नाही.

ब्लेड, वज्री, कुरूपाच्या पट्ट्या या तिन्ही गोष्टी अशा पायांपासून दूर ठेवा. पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. घट्टा दाबामुळे होतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्यायचा आणि चप्पल बदलायची, नाहीतर तो पुन्हा येणारच.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त छळतो: दुखेनासं झालं की गुण आला. ब्रिटिश सर्जन डॉ. पॉल ब्रँड 1946 साली तामिळनाडूतल्या वेल्लोरला आले. तिथे कुष्ठरुग्णांसोबत काम करताना त्यांना दिसलं की हातापायांची बरीचशी हानी वेदना न कळल्यामुळे होते. माणूस जखमेवरच चालत राहतो. मधुमेहाच्या पायाचंही तसंच आहे. दुखणारा पाय एकाएकी शांत झाला, तर संवेदना गेलेली असू शकते. जखम नसताना एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला वाटला, बोट काळं पडलं, वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायांची वेगळी तपासणी असते. 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून ‘कळलं का?’ विचारतात. शुगरच्या रुग्णानं वर्षातून एकदा तरी ती करून घ्यावी. पुढच्या वेळी बाबांना घेऊन जाल, तेव्हा फाइल पुढे करण्याआधी त्यांचे मोजे काढा.