जवळचं दार

आज एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता 'शीतयुद्धाने जगाला तिसऱ्या महायुद्धापासून वाचवले'. घरी येऊन दोन तास झाले, चहा झाला, कुकर लावून झाला, तरी डोकं शांत होत नाही म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

पहिला आलेला मुलगा फर्डा बोलला. आवाज, थांबे, हातवारे, सगळं जिथल्या तिथे. शेवटी म्हणतो, "मित्रहो, एकही गोळी न झाडता लढलं गेलेलं हे इतिहासातलं एकमेव युद्ध!" टाळ्यांचा कडकडाट. आणि मी काय केलं? दहापैकी आठ दिले. वरून खाली उतरल्यावर पाया पडला, "मॅडम, अजून काय वाचू?" म्हणाला, तर म्हटलं, "छान बोललास." बास.

रिक्षात बसल्यावर आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. ते १९५३ साली कोरियात होते. गावात शेवटपर्यंत 'कोरियावाले आप्पा'च म्हणत त्यांना. ते लढायला गेले नव्हते, तिथल्या युद्धात पकडलेले कैदी राखायला गेले होते. आणि त्यांची ती तंबूतली गोष्ट लहानपणी मी इतक्यांदा ऐकलीय की मला त्या तंबूचा वाससुद्धा येतो.

तंबूला दोन दारं. कैद्याला आत आणायचं. समोर टेबलामागे त्याच्या देशाची माणसं त्याला समजावणार की बाबा, घरी चल, काही होणार नाही. पाच तटस्थ देशांचे लोक बाजूला बसून बघणार. आणि शेवटी कैद्याने उठून चालू लागायचं. एका दाराने गेला तर मायदेशी, दुसऱ्या दाराने गेला तर पुन्हा छावणीत, म्हणजे पुढे कोरियन असला तर दक्षिण कोरिया, चिनी असला तर तैवान. आप्पांचं काम त्याला दंडाला धरून आत आणायचं आणि पाठीशी उभं राहायचं. बहुतेक कैदी आत येतानाच घोषणा देत यायचे, थुंकायचे, टेबलावर धावून जायचे. आप्पा म्हणायचे, "पढवून आणलेले, गं. रात्री छावणीत त्यांचीच माणसं त्यांना बडवायची."

तर एकदा एक कोरियन पोरगा आणला. विसेक वर्षांचा. घोषणा देत आला आणि मधेच गप्प झाला. उठला, एका दारापाशी गेला. परत आला. दुसऱ्या दारापाशी गेला. परत आला. आणि तंबूच्या मधोमध फतकल मारून बसला.

ही गोष्ट इथे थांबवते. पुढचं नंतर.

ती दोन दारं आली कुठून? ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येतोय म्हटल्यावर वॉशिंग्टनमध्ये दोन कर्नलना रात्री बसवलं आणि सांगितलं, कोरिया आपल्यात आणि रशियात वाटायचाय, रेघ सुचवा. डीन रस्क आणि बोनस्टील. समोर नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा. अर्ध्या तासात ३८ वा अक्षांश ठरला. आपल्याकडे फाळणीची रेघ आखायला रॅडक्लिफला निदान पाच आठवडे तरी दिले होते हो! आणि कोरियन माणसाला विचारलं कोणी? नाव नको.

पाच वर्षांनी, २५ जून १९५०, रणगाडे ती रेघ ओलांडून खाली आले. उत्तरेकडून आले, तिथला नेता किम इल-सुंगने स्टालिनची परवानगी काढून आणले, मान्य. कमेंटमध्ये कोणी लिहायच्या आत मीच लिहिते. भांडण त्यांचंही होतं. पण भावाभावांच्या भांडणात एकाच्या मागे अमेरिका आणि दुसऱ्याच्या मागे रशिया-चीन उभे राहिले की बांधावरची मारामारी राहते का ती? एकट्या सोल शहराचा ताबा नऊ महिन्यांत चार वेळा बदलला. दर वेळी नवा मालक आला की आधीच्याला भाकरी दिली म्हणून लोकांना वेचून काढायचे. अमेरिकेने त्या एवढ्याशा देशावर ६,३५,००० टन बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात सगळ्या प्रशांत महासागरात मिळून टाकले त्याहून जास्त. एकही गोळी न झाडता!

आणि अमेरिका-रशिया एकमेकांवर कधी गोळी झाडत नव्हते हेही खोटं, बरं का. वर आकाशात मिग-१५ मध्ये रशियन वैमानिक बसलेले. विमानावर खुणा दुसऱ्यांच्या, आणि हुकूम असा की रेडिओवर रशियन बोलायचं नाही. अमेरिकेला ठाऊक होतं. तेही गप्प, हेही गप्प. कारण कबूल केलं तर खरं युद्ध सुरू करावं लागलं असतं! म्हणजे तो मुलगा म्हणाला ते एका अर्थी बरोबरच. अणुबॉम्ब पडला नाही, आपण सगळे जिवंत आहोत. ठीक आहे, एक ओळ त्याच्या बाजूने लिहिली.

पण मग व्हिएतनाम? अफगाणिस्तान? अंगोलात तर असा तमाशा की क्युबाचे कम्युनिस्ट सैनिक अमेरिकी तेलकंपनीच्या विहिरींवर पहारा देत होते, त्या तेलाच्या पैशावर रशियाच्या बाजूचं सरकार चालत होतं, आणि त्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्यांना अमेरिका शस्त्रं देत होती. यावर हसायला आलं तर हसा. मला आज येत नाहीये.

जरा पाणी पिऊन आले.

कोरियातली लढाई १९५१ च्या मध्यालाच फिरून जिथल्या तिथे आली होती. रेघ जवळजवळ पूर्वीचीच. बोलणीही सुरू झाली. मग शस्त्रसंधीला २७ जुलै १९५३ का उजाडला? सगळ्यात जास्त अडलं ते कैद्यांवर. चीन आणि उत्तर कोरिया म्हणाले, जिनिव्हा करारात लिहिलंय, सगळे परत द्या. अमेरिका म्हणाली, ज्यांना जायचं नाही त्यांना ढकलणार नाही. माणुसकीचाच मुद्दा, नाही म्हणत नाही. पण त्या मुद्द्यापायी वर्ष-दीड वर्ष खंदकांत पोरं मरत राहिली.

शेवटी तोड निघाली त्यात आपला हात होता. डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत आणलेला ठराव मंजूर झाला, रशियाच्या गटाचा विरोध पत्करून. 'अलिप्ततावाद म्हणजे पळपुटेपणा' असं आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा येतं, त्यांनी हे वाचावं. कुंपणावर बसलेले नव्हतो आपण, कुंपणाच्या आत जाऊन उभे होतो. कैद्यांचं बघणाऱ्या त्या पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि कैदी राखणाऱ्या आपल्या फौजेचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात. चिनी कैद्यांनी आपला एक मेजर ओलीस धरला तेव्हा थोरात स्वतः तारेच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. गंमत म्हणजे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले, हिंदुस्थानी सैनिकाचा पाय माझ्या भूमीवर पडता कामा नये. म्हणून आपली माणसं इंचनच्या समुद्रात जहाजावरून थेट हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेली. आप्पा एरवी कधी विमानातसुद्धा बसले नाहीत.

बावीस हजारांवर कैदी. समजावणीची मुदत संपली तोवर बहुतेक जण त्या तंबूत आलेच नाहीत, येऊच दिलं नाही. ऐंशीच्या वर माणसं मात्र म्हणाली की आम्हाला हेही नको आणि तेही नको. ती आपल्या फौजेबरोबर भारतात आली, पुढे बरीचशी ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेली. मला कायम वाटायचं की आप्पांचा तो पोरगा त्यांच्यात असेल. लहानपणी मी तसंच ठरवून टाकलं होतं. मोठी झाल्यावरही गोष्ट कोणाला सांगताना तशीच सांगायचे, "आणि तो भारतात आला!" लोकांना आवडायचं. म्हणजे मीही टाळ्याच घेत होते की.

आप्पा जायच्या आधीच्या दिवाळीत मी त्यांना सरळ विचारलं होतं. आप्पा, तो बसलेला पोरगा शेवटी गेला कुठं? ते ओसरीवर सुपारी कातरत होते. बराच वेळ कातरत राहिले.

"बसला त्यो उठंनाच. दुभाषा वराडतोय, सायब लोक घड्याळं बगत्यात. भाईर लाइन लागलेली. मग मीच दंडाला धरून उठवला त्याला आन् भाईर काढला."

कुठल्या दाराने, आप्पा?

"जवळचं हुतं त्या."