लाल ठिपका सापाचा की फोनचा?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठाणे-नवी मुंबईतल्या सापांचा तो नकाशा उगवतो. यंदाही उगवला. येऊर, घोडबंदर रोड, खारघर आणि बेलापूरची टेकडी लाल. नौपाडा, कोपरी, वाशी हिरवी. खालचा मजकूर थोडक्यात असा: लाल भागात विषारी साप झपाट्याने वाढलेत, हिरवा भाग सुरक्षित आहे. येऊरमध्ये किंग कोब्रा दिसलाय. सर्पमित्र पकडलेले साप रात्री सोसायट्यांच्या मागे सोडतात. भिंतीलगत फिनाईल ओता, घरात अँटिव्हेनमचं, म्हणजे सापाच्या विषावरचं, इंजेक्शन आणून ठेवा. हे सगळं ‘शास्त्रज्ञांच्या सर्वेक्षणानुसार’. कोणते शास्त्रज्ञ, कधीचं सर्वेक्षण, ते नाही. मी येऊरच्या पायथ्याशी राहतो आणि सापांच्या नोंदी ठेवायचा नाद आहे, म्हणून चौघांनी तो मलाच पाठवला. चौघांना एकदमच उत्तर देतो.

‘लाल भागात साप वाढलेत.’ हे ठिपके आले कुठून, ते आधी पाहू. त्यांची मांडणी पाहिली तर साप पकडायला आलेल्या फोनची ती यादी वाटते: सगळे ठिपके रस्त्यालगत, इमारतींच्या आत, एकही जंगलाच्या पोटात नाही. म्हणजे हा नकाशा सापांचा नाही, फोनचा आहे. घोडबंदरला जिथे आज टॉवर आहेत तिथे भाताची खाचरं होती तेव्हाही बांधावरून धामण जायचीच. बघणारा बाजूला व्हायचा आणि कामाला लागायचा. तीच धामण आता पार्किंगमधून गेली की तासाभरात पाच फोन जातात. साप एक, ठिपके पाच. जूनमध्ये फोन वाढतात त्याचंही कारण साधं आहे. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि एका वेळी बरीच. तो काळ पावसाच्या सुरुवातीचा. नागाची अंडीही याच सुमारास फुटतात. बिळांत पाणी शिरतं. साप बाहेर दिसतात, एवढंच.

उलट जे साप कुणाच्या पार्किंगमध्ये येत नाहीत ते या नकाशात नाहीतच. खापरखवल्या घ्या. शेपटीचं टोक खापरीसारखं खरबरीत, आयुष्य ओल्या मातीत, खाणं गांडुळांचं. हे सापाचं अख्खं कूळ जगात फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत सापडतं. त्यातल्या एका जातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) फिप्सन यांचं नाव आहे; ती संस्था मुंबईत 1883 पासून आहे. एवढा खास प्राणी, पण त्याच्यासाठी कोण फोन करणार? किंवा वाळा, गांडुळासारखा दिसणारा साप. तो तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत आत्ताही असेल आणि तुम्ही त्याला गांडूळ समजून पाणी घालत असाल. या जातीत नर नसतोच. एकटी मादी पुरते, म्हणून कुंड्यांच्या मातीतून ती जगभर पसरली. सापांचा नकाशा काढणं किती अवघड, हे अशा जातींवरून कळतं. पक्षी, सस्तन प्राणी आणि बेडूकवर्गीयांचे जागतिक नकाशे आधी तयार झाले. सरपटणाऱ्या प्राण्यांचे, 10,064 जातींचे, 2017 साली प्रसिद्ध झाले. आणि सगळ्यात जास्त जाती उष्ण कटिबंधात, जिथे शोधणारे हात कमी. ब्रिटनमध्ये सापांच्या मूळच्या जाती अवघ्या 3. आपल्याकडे येऊरच्या एका पावसाळ्यात नानेटी, दिवड, गवत्या, तस्कर, कुकरी, मांजऱ्या, हरणटोळ, चापडा अशी नावं वहीत सहज चढतात. तीही कायम राहत नाहीत. ज्या हरणटोळाला आपण वर्षानुवर्षं एकच जात समजत होतो, त्याच्या 2020 मध्ये वेगवेगळ्या जाती झाल्या, आणि जुनं शास्त्रीय नाव श्रीलंकेच्या सापाकडे गेलं. माझ्या जुन्या वहीत ते नाव अजून तसंच आहे, खाडाखोड करायचं जिवावर येतं.

शिवाय ‘विषारी’ म्हणून सगळ्यांना एकच लाल रंग! घोणशीला गवत आणि उंदीर हवेत, फुरशाला उघडा दगडाळ कातळ, चापडा बांबूत आणि झुडपात बसून राहतो. यांच्या जागाच वेगळ्या, तर डाग एक कसा?

‘हिरवा भाग सुरक्षित.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ठिपका नाही याचे दोन अर्थ होतात: साप नाही, किंवा कुणी पाहिलं नाही. या नकाशाला त्यातला फरकच कळत नाही. खऱ्या सर्वेक्षणात परिसराचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनात किती तास, दिवसा की रात्री, किती जण फिरले ते लिहितात, आणि काही दिसलं नाही तर ‘शून्य’ हीसुद्धा नोंद असते. गेल्या रविवारी मी आणि एक मित्र पाटोणपाड्याच्या बाजूला तीन तास फिरलो. साप शून्य. या नकाशाच्या हिशेबाने तो पट्टा हिरवा करायचा का? खाडीचंही तसंच. ऐरोली, वाशीच्या खारफुटीत कुत्र्यासारख्या तोंडाचा पाणसाप चिखलात मासे धरतो. तिथे इमारत नाही, फोन नाही, म्हणून नकाशात खाडी कोरी. आणि मण्यार तर रात्रीची घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही फारसं. तिला नौपाड्याचा हिरवा रंग दाखवून काय उपयोग? जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं, मग रंग कुठलाही असो.

बरं, जे ठिपके आहेत ते तरी खरे का? तिसऱ्या मजल्यावरची ‘मण्यार’ बहुतेक वेळा बिनविषारी कवड्या निघते. पाली खायला तो भिंती चढतो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचं उलट. डुरक्या घोणस बिनविषारी, पण तिला घोणस समजून मारतात. मांडूळ हा कोरड्या मुलखातला साप. ठाणे-कल्याण भागात तो चोरटा व्यापार करणाऱ्यांच्या पिशवीत सापडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तो ठिपका सापाच्या घराचा नव्हे, गुन्ह्याच्या जागेचा. आयनॅचरलिस्टसारख्या, लोकांनी प्राण्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम धूसर केलेली असते: 0.2 अंशाच्या, म्हणजे वीसेक किलोमीटरच्या चौकटीत ठिपका कुठेही पडतो. येऊरचा साप भाईंदरच्या मिठागरात उमटू शकतो. तो ठिपका आपल्या ए विंगवर पडला म्हणून घाबरणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

‘येऊरला किंग कोब्रा.’ नाही. किंग कोब्रा, म्हणजे आपला नागराज, महाराष्ट्रात आहे तो पार दक्षिणेला, सिंधुदुर्गात गोव्याला लागून. पश्चिम घाटातला नागराज तर 2024 मध्ये वेगळी जातच ठरली. नकाशासोबत फिरणाऱ्या व्हिडिओतला साप धामण आहे; डोकं, डोळे आणि शेपटीजवळचे काळे आडवे पट्टे पाहा.

‘सर्पमित्र सोसायट्यांमागे साप सोडतात.’ यात गहूभर तथ्य आहे, ते नाकारत नाही. पकडलेला साप जंगलाच्या कडेला सोडतात, आणि ती कडा आता सोसायटीच्या कुंपणालाच टेकली आहे. पण सापांची संख्या वाढावी म्हणून कुणी सोडत नाही. पकडणं, सोडणं वनखात्याला कळवून व्हायचं असतं. खरी अडचण वेगळीच. कर्नाटकात आगुंब्याला नागराजांना ट्रान्समीटर लावून पाहिलं, तर दूर नेऊन सोडलेला नर सैरभैर भटकत राहिला. म्हणून पकडलेला साप सापडल्या जागेच्या शक्य तितका जवळ सोडावा असं माझं मत. सोसायटीच्या सभेत हे बोललो होतो, त्यानंतर दोन महिने लिफ्टमध्ये कुणी नीट बोलत नव्हतं. वनखात्याचा हेल्पलाइन नंबर 1926 आहे, तो ग्रुपवर पिन करा.

फिनाईलने साप थांबत नाही. फरशी स्वच्छ होते. कचरापेटीजवळचे उंदीर हटवा.

राहिलं घरात ठेवायचं इंजेक्शन. हे वाचून मात्र मी खरंच घाबरलो. भारतातलं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असतं. चावलेला साप लाल भागातला की हिरव्या, याने औषध बदलत नाही. चापड्यावर तर ते बनवलेलंच नाही. तो चावला की सूज आणि वेदना खूप, पण जीव क्वचितच जातो. विष चढल्याची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या शिरेतून द्याव्या लागतात, घरातल्या एका कुपीने काही होत नाही. घोड्याच्या रक्तातून बनवलेलं ते औषध काहींना जबर रिअ‍ॅक्शन देतं, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो; तेव्हा हाताशी अ‍ॅड्रिनलिन आणि डॉक्टर लागतात. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. तेव्हा चावलेला हात किंवा पाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका; अंगठी-बांगड्या काढा आणि थेट मोठं सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय गाठा. साप पकडून सोबत नेऊ नका, लांबून फोटो मिळाला तर पुरे. तो फोटो नंतर मलाही पाठवा, तारीख आणि जागेसकट.