जंतू मारा, बुरशी घालवा, गूळ खा: त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

सध्या कोल्हापुरात घरच्या आणि गल्लीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: निरोगी माणसाच्या तोंडात बुरशी नसतेच, जीभ पांढरी दिसली की बुरशी झाली समजायचं, मग जंतुनाशक माउथवॉशने दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरून तोंडातले सगळे जंतू मारायचे, नाही भागलं तर मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स आणायचा, साखर बंद करायची, गूळ-काकवी मात्र कितीही चालते, आणि तान्ह्या बाळाचं तोंड आलं तर टाकणखार मधात कालवून लावायचा. मी इथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बाळाच्या पोटात गेला तर तो विष ठरतो. उलट्या, जुलाब, झटकेसुद्धा येऊ शकतात. मधात बोट्युलिझम या लकवा आणणाऱ्या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. म्हणून त्या वयात मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नसतं. बाळाच्या तोंडात सहज पुसले न जाणारे पांढरे डाग दिसले तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. यावर बुरशीचं साधं औषध मिळतं.

आता मुख्य दावा, तोंडात बुरशी नसतेच हा. २०१० साली अमेरिकेत २० निरोगी माणसांच्या तोंडाची जनुकीय तपासणी झाली. त्यात बुरशीच्या १०१ जाती सापडल्या. एकेका माणसाच्या तोंडात ९ ते २३. काही हवेतून किंवा अन्नातून आलेल्या असतील, पण कँडिडा, म्हणजे तोंडात नेहमी माजते ती बुरशी, वीसपैकी पंधरा जणांकडे होती. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या तोंडात ती आत्ता आहे, आणि त्यांना काहीही झालेलं नाही. लाळेत हिस्टॅटिन नावाची बुरशीला आवरणारी प्रथिनं असतात. शिवाय जागा आणि अन्न आधीच जिवाणूंनी अडवलेलं असतं, त्यामुळे बुरशीला हातपाय पसरायला वाव मिळत नाही.

म्हणूनच अँटिबायोटिकचा सल्ला उलटा पडतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही. कोर्स घेतला की बुरशीला अडवणारे जिवाणू मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं. मोठ्या कोर्सनंतर तोंड येतं ते पुष्कळदा यामुळेच. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणं, कवळी रात्रभर तोंडात ठेवून झोपणं, मधुमेह आटोक्यात नसणं, हीसुद्धा बुरशी माजण्याची नेहमीची कारणं आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड सारखं येत असेल तर आधी या गोष्टी बघा.

माउथवॉशचंही असंच. जंतुनाशक माउथवॉशमधलं क्लोरहेक्सिडिन उपयोगी औषध आहे, पण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आणि सांगितलं तितकेच दिवस. महिनोन्महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. जिभेच्या मागच्या भागात राहणारे काही जिवाणू पालक-बीटमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करून देतात, आणि त्यातून शरीराला रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड मिळतं. सगळे जंतू मारायचे म्हणजे हेही मारायचे.

मेसेजमध्ये बुरशी वेगळी आणि दात किडवणारे जंतू वेगळे, असं धरलंय. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी कँडिडा सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, घालून ३७ अंशांवर ठेवतात. दोन-तीन तासांनी भिंगाखाली बघितलं की लांबट गोल पेशीतून बारीक नळी फुटलेली दिसते. या नळीचाच पुढे लांब तंतू होतो. तोंडात या तंतूंना जिवाणू येऊन चिकटतात. स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनी हा जिवाणू तर तंतूवरचं ठरावीक प्रथिन धरूनच चिकटतो.

दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स वेगळी युक्ती वापरतो. तो एक एन्झाइम सोडतो. ते कँडिडाच्या पेशीवर जाऊन बसतं आणि समोर सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, आलं की त्यापासून चिकट ग्लुकन बनवायला लागतं. त्या चिकट थरात दोघंही दातावर घट्ट बसतात, बुरशीचे तंतू मांडवाच्या बांबूंसारखे त्याला आधार देतात, आणि जिवाणूंनी साखरेपासून बनवलेलं, आत साठलेलं आम्ल लाळेला लवकर धुता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ह्युन कू यांच्या गटाने २०१४ साली उंदरांवर दाखवलं, की दोघांची एकत्र लागण झाली तर कीड एकेकट्याच्या लागणीपेक्षा कितीतरी वाईट होते. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवरच्या थरातही हे दोघं पुष्कळदा एकत्र सापडतात. २०२२ मध्ये त्याच गटाने लहान मुलांच्या लाळेत या दोघांचे एकत्र गोळे पाहिले. बुरशीचे तंतू वाढत जातात तसा अख्खा गोळा दातासारख्या पृष्ठभागावर पुढे सरकत होता.

या सगळ्याला लागतं सुक्रोज, आणि गुळात मुख्यतः तेच असतं. शंभर ग्रॅम गुळात साधारण ६५ ते ८५ ग्रॅम. काकवीतही ते असतंच, वर ती दातांच्या फटीत चिकटून राहते. आपल्या गुळाचा मलाही अभिमान आहे, गुऱ्हाळावरची ताजी काकवी मीही आवडीने खाते. पण म्युटन्सच्या एन्झाइमला सुक्रोज गुळातून आलं की साखरेतून, याने फरक पडत नाही. किती गोड खाल्लं याबरोबरच किती वेळा खाल्लं हेही मोजावं लागतं. दर वेळी तोंडातला पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचाच्या आसपास किंवा खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. झोपेत लाळ अगदी कमी होते. त्यामुळे रात्री बाळाच्या तोंडात गूळ घातलेल्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवणं हे मी लिहिलेल्या सगळ्या गोष्टींना एकदम आमंत्रण आहे. गूळ जेवणाबरोबर खावा, नंतर चूळ भरावी, आणि झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत.

राहिली पांढरी जीभ. रोज सकाळी दिसणारा पातळ थर बहुतेक वेळा मेलेल्या पेशी, जिवाणू आणि अन्नाचे कण यांचा असतो. जिभलीने खरवडला की काम झालं. मोठ्या माणसाच्या तोंडातला कँडिडाचा डाग कापसाने जोर लावून पुसला तर बहुधा निघतो आणि खाली लाल, हुळहुळी जागा दिसते. तिसरा प्रकार पुसून निघतच नाही, आणि पुष्कळदा दुखतही नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरडीवर, तंबाखूची गोळी जिथे धरतात त्या गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला असा पांढरा चट्टा येतो. त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरकडे जातात. हा मेसेज वाचून एखादी बाई अशा चट्ट्यावर महिनाभर चुळा भरत बसली तर तो महिना तिचा वाया जातो. घरात कोणी मिश्री लावत असेल, मावा किंवा तंबाखू खात असेल, तर उजेडात ओठ आणि गाल उलटून बघा. दोन आठवड्यांत न जाणारा चट्टा किंवा जखम असेल, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील.